पाय वाढतो, बूट आखूड होतो

आज आम्ही ज्यू लोकांच्या सणांबद्दल बोलणार आहोत. लगेच तुमच्यातली एखादी म्हणेल, आपल्या पंचक्रोशीत ज्यूंचं एक घर नाही, हे मध्येच कुठून सुचलं? सुचलं ते एका लहान मुलीच्या बुटावरून. ते आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका बाईच्या नातीचं ऑपरेशन ठरलं. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेला, त्यामुळे पाय कडक, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. गणपतीचे दिवस होते. आम्ही घरोघर फिरलो, चांगली वर्गणी जमली, ऑपरेशन झालं, मुलीसोबत आमचा फोटोही निघाला. डॉक्टरांनी पायात घालायला स्प्लिंटचे बूट दिले, रोजचा व्यायाम शिकवला. मग आम्ही आमच्या कामाला लागलो. दहा महिन्यांनी सहज त्यांच्या घरी गेलो, तर बूट पत्र्याच्या पेटीत आणि पोरीच्या टाचा परत उचललेल्या.

आजी म्हणाली, "पाय वाढला, बूट चावायला लागले. नवीन माप द्यायला शहरात जायचं तर गाडीभाडं, वर दिवसाची मजुरी बुडते. आणि परत तुमच्याकडं कोणत्या तोंडानं येऊ? एवढं केलंत की तुम्ही."

बायांनो, चूक आजीची नव्हती. आम्ही एकदा दया दाखवली आणि हिशेब मिटवला. पण पोर काही एकदाच वाढत नाही. ऑपरेशन एका दिवसाचं असतं. पाय पुन्हा कामाला लावणं, ज्याला डॉक्टर लोक पुनर्वसन म्हणतात, ते वर्षानुवर्षांचं असतं. तेव्हापासून आम्ही शोधत होतो, की दर वर्षी न चुकता, कुणी तोंड वेंगाडून मागायच्या आधीच मदत पोचावी, असं कुणी काही बसवलं आहे का. त्या शोधात आम्ही ज्यूंच्या पंचांगापर्यंत पोचलो.

तसे ज्यू आपल्याला अगदीच परके नाहीत. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या भागात बेने इस्रायल नावाचा ज्यू समाज शेकडो वर्षं राहत आला. त्यांच्यातली परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि वाचलेली माणसं इथलीच झाली. ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं, शनवार तेली. केहिमकर, पेणकर, राजपूरकर अशी गावांवरून आडनावं, घरात मराठी. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

त्यांनी सणांना दिलेली नावं ऐका. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याच्या सणाला उपास सोडताना वालाचं बिरडं! होळीचा सण म्हणजे ज्यूंचा पुरीम, तो आपल्या होळीच्या सुमारास येतो म्हणून हे नाव. दरफळणीच्या दिवशी कडक उपास करायचा, दारं लावून घरात बसायचं, वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. या शिळ्या सणाचं काम काय? गोरगरिबांना दान द्यायचं आणि सोयऱ्याधायऱ्यांना भेटायला जायचं. म्हणजे माफी मागून झाली की उठून कुणाच्या तरी दारात जायचं, त्यालाही पंचांगात दिवस ठेवलेला.

हे कोकणातच झालं असं नाही. मूळ धर्मग्रंथातच त्याची मुळं आहेत. तोरा म्हणजे मोझेसचे पाच ग्रंथ, त्यांतल्या तिसऱ्या ग्रंथात सणांची यादी येते. हा सण या तिथीला, तो सण त्या तिथीला. गव्हाच्या काढणीचा सण येतो आणि तिथेच यादी थांबते. मध्येच एक नियम घातला आहे: शेत कापताना बांधाकडचे कोपरे कापू नका, खाली पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबाची आणि परक्याची. मग यादी पुढे सुरू. एखाद्याला वाटेल, लिहिणाऱ्याची जागा चुकली. आम्हांला तसं वाटत नाही. सणाच्या यादीतच सरव्याचा नियम घातला, म्हणजे सरव्याशिवाय सण पुरा नाही.

सरवा काय असतो ते आपल्याला सांगायला नको. आपल्या आयांनी, आज्यांनी दुसऱ्याच्या रानात वाकून सरवा वेचला आहे. या काढणीच्या सणाला ज्यू लोक रूथची गोष्ट वाचतात. रूथ परमुलखातली, विधवा, सासूबरोबर बेथलेहेमला आलेली. ती बोआजच्या शेतात सरवा वेचते आणि दोघींचं पोट भरते. तिला कुणी भीक घातली नाही. तो तिचा हक्कच होता, फक्त तिने वाकून उचलायचा होता. हिब्रू भाषेत दानाला जो शब्द आहे, त्सदाका, त्याचं मूळही न्याय या शब्दात आहे.

आता झाडांच्या सणाकडे येऊ, कारण आमचं सगळ्यांत जास्त मन तिथे बसलं. तू बिश्वात, म्हणजे श्वात महिन्याची पंधरावी तिथी, झाडांचं नवं वर्ष. संक्रांतीनंतर काही दिवसांनी, जानेवारी-फेब्रुवारीत येतो. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात वर्षाच्या चार सुरुवाती दिल्या आहेत, त्यांतली एक झाडांची. आज या दिवशी रोपं लावतात, सुकामेवा खातात. पण मुळात हा दिवस हिशेबाचा. कोणतं फळ कोणत्या वर्षाचं धरायचं, हे या तारखेवरून ठरे. आणि ते ठरवायचं कशासाठी? तर वाटा काढण्यासाठी. सात वर्षांच्या फेऱ्यात तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी उत्पन्नाचा एक दशांश गरिबांचा असे. आपल्या गटाचं जमाखर्चाचं पुस्तक असतं ना, तसंच. मनात दया आली काय न आली काय, तारीख आली की वाटा बाजूला काढायचा.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांमध्ये याच दिवशी अलिबागजवळच्या खंडाळे-सागाव भागात जायची रीत आहे. तिथल्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. तिथे मलिदा होतो. गोड पोहे, त्यात खोबरं, वर फळं. नवस बोलतात, फेडतात. आणि आजारी लेकराच्या आईने काय मागितलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

झाड आणि लेकरू यांची सांगड डॉक्टरांनीही घातली आहे. हाडांच्या डॉक्टरांना इंग्रजी वळणाने ऑर्थोपेडिक म्हणतात. हा शब्द फ्रान्समधल्या निकोला आंद्री नावाच्या डॉक्टरने १७४१ साली आपल्या पुस्तकासाठी बनवला. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले, एकाचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा मूल. त्या पुस्तकात एक चित्र आहे: वाकडं वाढलेलं झाड, शेजारी सरळ खुंट रोवलेला, आणि दोरीने झाड खुंटाला बांधलेलं. आजही जगभर हाडांच्या डॉक्टरांच्या संस्था हेच चित्र चिन्ह म्हणून वापरतात. आंद्रीने पुस्तक लिहिलं ते आईबापांसाठी, घरच्या घरी काय करता येईल ते सांगायला. त्यांच्या बऱ्याच समजुती पुढे मागे पडल्या, पण चित्र टिकलं. आपण रोपाला काठी बांधतो तेव्हा काय करतो? दोरी तीच ठेवून निघून गेलो तर ती सालीत रुतते. मधूनमधून सैल करून पुन्हा बांधावी लागते. आमच्या त्या पोरीच्या बुटाचं नेमकं हेच झालं होतं.

आता खुद्द इस्रायलमधली हकिगत सांगतो. १९३२ साली, म्हणजे तो देश व्हायच्या आधी, हेन्री केलर या अमेरिकन हाडांच्या डॉक्टरांनी जेरुसलेममध्ये अपंग मुलांसाठी आलिन नावाची संस्था सुरू केली. अपंग मुलांना साहाय्य करणारी सभा, अशा अर्थाच्या हिब्रू शब्दांची आद्याक्षरं म्हणजे आलिन. तेव्हा अशी मुलं घराच्या मागच्या खोलीत असत. आपल्याकडेही होती, अजूनही काही घरांत आहेत.

१९४८ साली देश झाला. युरोपातून, अरब मुलखांतून लाखो निर्वासित आले, तंबूंत आणि पत्र्याच्या खोपटांत राहिले. त्यातच पोलिओची साथ आली. १९५० या एका वर्षात दीड हजाराहून अधिक जणांना लागण झाली, आणि देशाची वस्ती तेव्हा जेमतेम तेरा-चौदा लाख. त्यांतली बहुतेक अगदी लहान मुलं. काल धावत होतं ते पोर आज उठेना. लस अजून निघालीच नव्हती. अमेरिकेतल्या जोनास साल्क यांची लस उपयोगी ठरल्याचं १२ एप्रिल १९५५ ला जाहीर झालं. साल्कही ज्यू घरातलेच. इस्रायलमध्ये डॉक्टर नातान गोल्डब्लूम यांनी तीच लस देशातच तयार केली आणि १९५७ पासून मुलांना टोचायला सुरुवात झाली.

लसीने पुढची मुलं वाचली. पण ज्यांचे पाय आधीच गेले होते त्यांचं काय? त्यांना कॅलिपर लागत होते, मालिश लागत होती, पाण्यातले व्यायाम लागत होते, आणि पाय वाढेल तसा दर वर्षी नवा कॅलिपर. त्यांच्यासाठी लोकांनी मिळून जी संघटना उभी केली, तिचं नाव इलान. इलान या हिब्रू शब्दाचा अर्थ झाड.

इथे अमेरिकेची एक गोष्ट मध्ये घालतो, ती बायकांची आहे म्हणून. साल्क यांच्या संशोधनाला पैसा आला तो बहुतांशी लोकांनी दिलेल्या चिल्लरीतून. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे स्वतःचे पाय अशाच आजाराने गेले होते. त्यांचा वाढदिवस ३० जानेवारीचा, त्यामुळे दर जानेवारीत ही मोहीम चाले. १९५० साली फिनिक्स शहरातल्या आयांनी एक युक्ती काढली. ज्याला द्यायचं आहे त्याने रात्री दारातला दिवा लावून ठेवायचा. दिवा दिसला की आया त्या घरी जायच्या. मागणारीला संकोच नाही, देणाऱ्यालाही नाही. ही रीत तिथे देशभर पसरली. हा काही ज्यूंचा सण नव्हे, पण तारीख बांधून घ्यायची, हे तत्त्व तेच.

परत इस्रायलला येऊ. रामत गान गावात इलानने अपंगांसाठी क्रीडाकेंद्र उभं केलं. पोलिओ झालेली मुलं तिथे पोहायला, टेबल टेनिस खेळायला यायची. त्या पिढीतली झिपोरा रुबिन-रोझेनबॉम ही बाई लहानपणी पोलिओने अधू झालेली. तिने भाला फेकला, गोळा फेकला, पोहली, चाकाच्या खुर्चीतून बास्केटबॉल खेळली आणि अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकांची रास लावली. १९६८ साली हे ऑलिंपिक इस्रायलमध्ये भरलं आणि सामने याच केंद्राच्या आवारात झाले. भारताचे खेळाडू पहिल्यांदा त्या वर्षीच उतरले, दहा जण. त्यांत होते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचार म्हणून पोहायला लागले. इस्रायलमध्ये ते टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी, १९७२ ला, जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेतलं. तुमच्यापैकी काहींनी त्यांच्यावरचा सिनेमा पाहिला असेल. सिनेमात पदक दिसतं. त्याच्या मागे पाण्यात हात मारत घालवलेले दिवस किती, ते ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळेल.

पुरीमचं राहिलंच. या सणाला चार गोष्टी करायच्या: एस्तेर राणीची गोष्ट ऐकायची, जेवण करायचं, शेजाऱ्यांना फराळाचं ताट पाठवायचं, आणि कमीत कमी दोन गरिबांना काहीतरी द्यायचं. आम्हांला आवडलेला नियम पुढचा आहे. ज्याला स्वतःला दान मिळतं, त्यानेही दुसऱ्या कुणाला तरी द्यायचंच. घेणाऱ्याची पत कमी होऊ नये म्हणून. बाराव्या शतकात कैरोमध्ये मोझेस मायमोनिडीस नावाचे मोठे ज्यू पंडित होऊन गेले, पेशाने वैद्य. त्यांनी लिहून ठेवलं की पुरीमला स्वतःच्या जेवणावळीपेक्षा गरिबांवर जास्त खर्च करावा. दानाच्या त्यांनी आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत वरची पायरी कोणती? माणसाला कर्ज देऊन, धंद्यात भागीदार करून किंवा काम देऊन असं उभं करायचं की त्याला परत हात पसरावा लागू नये. बचत गटाच्या बायांना हे ऐकून बरं वाटेल. आम्हांलाही वाटलं.

पुरीमला मुलं सोंगं घेतात. इस्रायलमध्ये रअनाना गावी बेत इस्सी शापिरो ही अपंग मुलांची संस्था १९८० पासून आहे. तिथल्या मुलांसाठी होलोन गावच्या कॉलेजातले विद्यार्थी चाकाच्या खुर्चीचंच सोंग करून देतात. खुर्ची झाकत नाहीत, तिचं जहाज करतात, रथ करतात. मुलाला विचारून, त्याला काय हवं ते. मग रस्त्यावरची बाकीची पोरं खुर्चीवाल्याकडे हेव्याने बघतात. वर्षातला एकच दिवस असतो, खरं आहे. तरी एकदा तरी उलटं झालं.

हनुक्का हा दिव्यांचा सण आठ रात्रींचा. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असे आठव्या रात्री आठ. जुन्या काळी यावर वाद झाला होता. एक गुरुकुल म्हणे, आठापासून सुरुवात करून कमी करत जा. दुसरं म्हणे, एकापासून वाढवत जा. दुसऱ्याचं चाललं. व्यायामाच्या बाबतीत हा दाखला पुष्कळ जण देतील, आज दोन पावलं, उद्या तीन. आम्ही मात्र तो जपून देतो. आजारी पोराचं रोज वाढत जात नाही. ताप येतो, आठ दिवस व्यायाम चुकतो, तीनाचं परत एकावर येतं. दिव्यांची ओळ पाहून कुणा आईने स्वतःला बोल लावून घेऊ नये.

आणि हे बोलताना गाझामधली मुलं डोळ्यांसमोर येतात, ते लपवत नाही. त्याच भूमीला लागून, युद्धात हातपाय गमावलेली कितीतरी लेकरं आहेत आणि त्यांना बूट, खुर्ची, व्यायाम शिकवणारं माणूस मिळणं मुश्किल आहे. सरव्याच्या नियमात परक्याचं नाव घातलेलं आहे, एवढंच आम्ही म्हणू.

आमच्या गटाचं सांगायचं राहिलं. गेल्या दोन वर्षांपासून वाण लुटायला जे पैसे निघतात, त्यांतून आम्ही प्लॅस्टिकचे डबे आणणं बंद केलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या पोरीची आजी तिला घेऊन येते. पोर सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवते, हे काम तिचं. मग आमच्यातली एक जण भिंतीला टेकवून कागदावर तिच्या पावलाची रेघ मारते, तारीख घालते, आणि गाडीभाड्याचे आणि बुडणाऱ्या मजुरीचे पैसे त्याच वेळी आजीच्या हातात. कागद गटाच्या कपाटात राहतात. दोन कागद झाले आहेत. यंदा पाऊल बोटभर पुढे गेलं होतं, आणि रेघ मारताना टाच कागदाला टेकली होती. पूर्ण नाही, कडेने.